औरंगपुऱ्यात अडलेली घोडी

"मॅडम, एक सुई टोचा आन् चालवा तिला. मारुतीपोत्तर तर जायचंय!" नवरदेवाचे मामा माझ्यावरच खेकसले.

औरंगपुऱ्यात परण्या, म्हणजे नवरदेवाची मारुतीला निघालेली मिरवणूक, अडली होती. घोडीवर नवरदेव, मागं डीजे, त्याच्यामागं हॉर्नचा गोंगाट. घोडी घामानं निथळत जागच्या जागी खिळलेली. मी जनावरांची डॉक्टर. आधी नवरदेवाला खाली उतरवलं. घोडीच्या मागच्या पुठ्ठ्यांवर हात ठेवला तर दगड. तेवढ्यात तिनं लघवी केली, कोऱ्या चहाच्या रंगाची.

"खायला काय देत होतात?" मी मालकाला, सलीमभाईंना विचारलं.

"सीझन बंद था ना मॅडम, रानी घरीच बंधी थी. पन खुराक में कमी नइं करा मैं. चना, गुड़, सब फुल."

बिचाऱ्याला शाबासकीची अपेक्षा होती.

खाण्यातली साखर स्नायू साठवून ठेवतात. त्या साठ्याला ग्लायकोजेन म्हणतात. प्रत्येक स्नायूचा साठा स्वतःपुरता. शेजाऱ्याला उसना देत नाही. पळताना तो जळतो. पण घोडी नुसती बांधून ठेवली आणि खुराक पूर्ण दिला, तर साठा तुडुंब होतो. मग एकदम कामाला जुंपली की काही घोड्यांचे स्नायू आखडतात, फुटतात. त्यातला रंग लघवीत उतरतो आणि किडनीवर बसतो. अशा वेळी चालवणं म्हणजे जीव घेणं.

"एक पाऊलही टाकायचं नाही," मी म्हणाले आणि सलाईन लावलं.

"अन् नवरदेव पायी गेला तर पाव्हणे काय म्हंतील?"

"पाय आहेत म्हणतील."

मामांचा चेहरा पडला. नवरदेवच हसला, फेटा सावरला आणि चालू लागला. डीजेही गेला. मला तर लई बरं वाटलं.

आम्ही तिथंच थांबलो. बाटल्यांवर बाटल्या गेल्या. सलीमभाई तिच्या मानेवर हात ठेवून पुटपुटत होते, "मैंच मारा इसकू." मी त्यांना खोटा धीर दिला नाही, मलाच खात्री नव्हती.

संध्याकाळी रानीनं पुन्हा लघवी केली. पिवळी. सलीमभाई भर रस्त्यात रडले. माझेही डोळे भरले. लोक आमच्याकडं बघत होते. घोडी मुतली म्हणून रडणारी माणसं त्यांनी पाहिली नसावीत.

सुट्टीत खुराक अर्धा करा आणि रोज फिरवा, एवढं सांगून मी निघाले. सलीमभाईंनी मान डोलावली आणि खिशातून तिच्यासाठी गुळाचा खडा काढला.