ओठ ऊचे, जीभ ईची

दोन हजार तेवीस साल, मी एकाहत्तर वर्षांचा. सिद्धेश्वर धरणाच्या कॅनॉलवर पाणी पिताना माझी मेंढरं आणि साखरा गावच्या गणपतची मेंढरं एकात एक मिसळली. अशा वेळी आम्ही धनगर भांडत नाही. दोघं मालक दोन बाजूला उभे राहतात, आपापली हाक देतात. मेंढरू ज्याच्याकडं गेलं, ते त्याचं. मग तक्रार चालत नाही.

गणपतची हाक म्हणजे जिभेची टकटक. माझी बापाकडून आलेली, लांब सुराची. मी शाळा दुसरीपर्यंतच शिकलेला, पण ती कशी निघते ते सांगतो. जीभ ‘ई’ म्हणताना असते तशी वर, पुढं. ओठ मात्र ‘ऊ’सारखे गोल. निघतं ते ईही नाही, ऊही नाही. मराठीत त्याला अक्षर नाही.

कॉलेजच्या एक बाई आठवडाभर माझी हाक रेकॉर्ड करत होत्या. म्हणाल्या, “आजोबा, फ्रान्स, जर्मनी, तुर्कस्तानची माणसं हा स्वर रोज बोलतात.”

“बोलू द्या. मेंढरं येतात का त्यांच्याकडं?”

त्या दिवशी कॅनॉलवर मात्र माझ्याकडंही आली नाहीत. तीनदा हाक दिली. एकही मान वर झाली नाही. उलट माझीच चार मेंढरं गणपतकडं गेली.

गणपत हसला. “काहून बापू, नवी कवळी घालून नवरदेव होऊन राहिले का?”

दात कालच बसवले होते. “दात माझे. तुला काय तकलीफ?”

रेकॉर्डिंगसाठी सोबत आलेल्या बाईंनी फोन पुढं केला. “जुनी हाक वाजवू?”

“न्हाई. फोनची मेंढरं न्हाईत ही.”

“मग कवळी काढा. या स्वराला जीभ टाळूच्या अगदी जवळ जाते. तिथं आता कवळीची प्लेट आहे. सूर बदललाय.”

गणपतसमोर बोळकं दाखवायचं? तेवढ्यात माझी पुढारी मेंढी, जिच्यामागं सगळा कळप चालतो, गणपतच्या दिशेनं निघाली. मी कवळी काढून रुमालात बांधली. हाक दिली.

मेंढी थांबली. वळली. मागं सगळी आली, ती चार सोडून. ती गणपतनं वाघुरीत, म्हणजे जाळीच्या कुंपणात, घेतली होती.

“बापू, न्या तुमची चार.”

“रीत म्हणजे रीत.”

हाकेच्या माणसानं तोंडात नवी वस्तू घालावी, तर आधी रिकाम्या रानात हाक मारून बघावी.

दुसऱ्या दिवशी सकाळी कळप घेऊन गणपतच्या वाघुरीजवळून गेलो. एक हाक दिली असती तर चारी उड्या मारून आली असती. वाघूर मागं पडेपर्यंत मी तोंड मिटून चाललो.