शहागडचं शीड

ज्या जिल्ह्यात उन्हाळा लागला की प्यायचं पाणी टँकरनं येतं, त्या जिल्ह्याच्या एका दैनिकात मी काही वर्षं शिडाच्या बोटींचं सदर लिहीत होतो. दर रविवारी, चौथ्या पानावर, बाजारभावांच्या खाली. भोकरदनला मक्याला काय भाव निघाला हे वाचून झालं की वाचकाला कळायचं, कुठल्यातरी परदेशी समुद्रात कुणाचीतरी बोट उलटली. त्यातलं कुठलं दुःख मोठं, हे ज्यानं त्यानं ठरवायचं.

ही अक्कल आमच्या मालकांची. ते मूळचे बियाण्यांचे व्यापारी, पेपर त्यांनी वजन वाढावं म्हणून काढलेला. नव्वदनंतरच्या कुठल्यातरी वर्षी ते धंद्याच्या कामानं मुंबईला गेले, तिथं एका बड्या असामीनं त्यांना आपल्या शिडाच्या बोटीत बसवलं, आणि बोट किनाऱ्यापासून जरा लांब जाते न जाते तोच मालकांना भडाभडा उलटी झाली. परत आले ते भारावूनच. ज्या गोष्टीनं ओकारी येते आणि तरी माणूस तिचं कौतुक करतो, ती गोष्ट श्रीमंतांचीच असणार. मला केबिनमध्ये बोलावून म्हणाले, "आपल्या पेपरात हे पायजे. दर हप्त्याला पायजे." मी तेव्हा निधनवार्ता आणि बाजारभाव पाहत होतो. मला ज्वारीतलं कळत होतं आणि मेलेल्यांतलं कळत होतं, शिडातलं काही कळत नव्हतं. पण नाही म्हणायची सोय नव्हती.

मग मी एक दिवस उशिरा येणारे इंग्रजी पेपर घेऊन बसायचो आणि त्यातून शिडाच्या बातम्या वेचायचो. एका गोऱ्यानं एकट्यानं जगाला फेरी मारली आणि जिथून निघाला तिथंच परत आला. खाली मी लिहिलं, आमची भोकरदन-जालना एस.टी. हेच काम रोज करते, वर उभ्यानं माणसं नेते, आणि तिला अजून कुणी करंडक दिलेला नाही. एका शर्यतीत वारा पडला म्हणून सगळ्या बोटी दिवसभर एका जागी उभ्या राहिल्या आणि शर्यत रद्द झाली. त्यावर मी लिहिलं की आमच्याकडे याला भारनियमन म्हणतात आणि पेढे कुणी वाटत नाही. कुणा धनिकानं बोट खडकावर घातली आणि दोष नकाशाला दिला, तेव्हा तर मला फार कष्ट पडलेच नाहीत. नाचता येईना अंगण वाकडं, एवढ्या मथळ्यात काम भागलं. वाचकांची एकच सूचना आली होती. शीड म्हणजे काय ते एकदा नीट सांगा, म्हणजे पुढचं वाचायला बरं पडेल.

हे सांगू शकणारा माणूस आमच्याच नात्यात होता, असं निदान आम्हा सगळ्यांना वाटत होतं. माझ्या मावशीचे यजमान. मी त्यांना काका म्हणायचो. त्यांची नोकरी समुद्राची होती एवढं खरं. ती जहाजावर होती, की जहाजाला तांदूळ मोजून देणाऱ्या गोदामात, हे कुणी विचारलं नव्हतं. आमच्यात जावयाला असलं विचारत नाहीत. जावई बोलतो, सासुरवाडी मान डोलावते, आणि एकदा मान डोलवायला सुरुवात केली की तीस वर्षांनी मध्येच थांबता येत नाही.

काका निवृत्त होऊन जुन्या जालन्यात गल्लीत राहायला आले आणि गल्लीची झोप उडाली. लाटा दोन मजली असायच्या, मग तीन मजली झाल्या. वादळात कप्तानानं हात टेकले आणि काकांनी शीड सांभाळलं. ही गोष्ट सांगताना ते ओट्यावरच्या खांबाला दोन्ही हातांनी धरून तिरपे व्हायचे. कापडाच्या दुकानातली माणसं चहा पिता पिता ऐकायची आणि काकांची पाठ वळली की एकमेकांना कोपर मारायची. माझ्या सदराला त्यांनी तज्ज्ञ म्हणून मदत सुरू केली, म्हणजे मी विचारलं की ते डोळे मिटायचे आणि म्हणायचे, "वारा कळला पायजे रे. वारा कळला की सगळं कळलं." इतक्या वर्षांत याच्यापलीकडे काही माहिती त्यांच्याकडून मला मिळाली नाही. उथळ पाण्याला खळखळाट फार. पण हे मी मनात म्हणायचो, कारण मावशी शेजारीच पोहे निवडत बसलेली असायची.

सोसायचं सगळं तिला होतं. गल्लीतल्या बाया तिला कप्तानीण म्हणायच्या, आणि ते मायेनं नव्हतं. हौदावर पाणी भरताना कुणीतरी विचारायचं, "का कप्तानीणबाई, आज समुद्र कसाय?" ती हंडा उचलून घरी यायची. तिच्या नवऱ्याला कुणी खोटं म्हणू नये एवढंच तिला हवं होतं, आणि सगळी गल्ली न म्हणता तेच म्हणत होती. याचा मला राग यायचा. गल्लीचाही आणि काकांचाही, काकांचा जास्तच.

तशात मालकांच्या डोक्यात आलं की आपल्या वाढदिवसाला जिल्ह्यातला पहिला शिडाच्या बोटीचा सोहळा करायचा. समुद्र नसला तरी शहागडला गोदावरी होती, आणि वरच्या धरणातून तेव्हा पाणी सोडलेलं होतं. मुहूर्त पंचांगातून काढला. काकांना तांत्रिक सल्लागार नेमलं. काकांनी भोयांची एक मासेमारीची होडी ठरवली, तिच्यात मंडपाची बल्ली उभी केली आणि शिडाचं काम जुन्या जालन्यातल्या पेंटरला दिलं. तो बॅनर रंगवायचा. तेव्हा छापील बॅनर नव्हते, लग्नापासून निवडणुकीपर्यंत सगळं मांजरपाटावर ब्रशनं रंगवलं जायचं आणि रस्त्यावर आडवं टांगलं जायचं. मी काकांना विचारलं, "त्याला जमेल का?" काका म्हणाले, "मी सोता सांगितलंय त्याला सगळं. तू बातमी लिहून तयार ठेव."

मावशीनं मात्र सगळं पणाला लावलं. हौदावर सगळ्यांच्या देखत ती म्हणाली, "लई हसून राह्यल्या ना तुम्ही? चला मंग शहागडला. डोळ्यानं पाहा अन् नंतर बोला." आणि एवढ्यावर न थांबता तिनं काळी-पिवळी जीप ठरवली आणि गल्लीतल्या सगळ्या जिभाळ बाया तीत कोंबल्या. मी तिला बाजूला घेऊन म्हणालो, "मावशे, कशाला नेतीस त्यांना? राहू दे की." ती म्हणाली, "आज न्हाई नेलं तर मरेपर्यंत ऐकावं लागंल मला." तिचं बरोबर होतं आणि म्हणूनच मला धास्ती वाटत होती.

शहागडला मंडप होता, बँड होता, भट्टीवर भाजी शिजत होती. हमरस्त्याच्या पुलावर ट्रकवाले गाड्या लावून कठड्याला टेकले होते. वाराही होता, चांगला भरपूर. बायांचे पदर उडत होते आणि मंडपाची कनात फडफडत होती, त्यामुळे नंतर वाऱ्यावर ढकलायची सोय राहिली नाही. काका पांढरी पँट, पांढरा सदरा आणि कुठूनशी आणलेली पांढरी टोपी घालून होडीत उभे राहिले. मागं वल्हं घेऊन एक भोई बसला होता, त्याला काकांनी वल्हं आत घ्यायला लावलं. शीड गुंडाळलेलं होतं. मालकांनी काठावरून दोरी ओढली, बँड सुरू झाला आणि शीड वर गेलं.

त्यावर मालकांचा चेहरा होता, गाल जरा जास्तच लाल. खाली वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा, त्याच्या खाली शुभेच्छुकांची नावं. आणि त्या सगळ्यातून, मालकांच्या दोन्ही गालांवर, शुभेच्छांच्या मधोमध, नावांच्या अध्येमध्ये अर्धचंद्राची मोठी मोठी भोकं पाडलेली. वारा आला की भोकांच्या पाकळ्या उघडायच्या, वारा आरपार निघून जायचा आणि पलीकडचा नदीकाठ दिसायचा. होडी जागची हलली नाही. थोड्या वेळानं प्रवाहानं ती आपसूक आडवी झाली आणि कपडे धुवायच्या दगडांकडे सरकायला लागली.

बँडवाले आधी थांबले. मग मालक ओरडले, "पेंटर कुठाय?"

पेंटर पुढंच उभा होता, छाती काढून. त्याला कळेचना की काय बिघडलं. "साहेब, भोकं न पाडता कुठं बॅनर लावतेत का? हवा भरती अन् टर्कन फाटतं. माझं आजपतूर एक बॅनर फाटलेलं न्हाई. बिलकुल गॅरंटी." लोक हसायला लागले. त्याला वाटलं आपल्या कामावर संशय घेतायत. तो चिडून होडीकडे हात करत म्हणाला, "आन् मी काय माझ्या मनानं पाडले का? ह्यांना बराबर इचारलं होतं मी. कप्तानसाहेब, भोकं पाडू का? ते म्हन्ले, पाड, जरा मोठेच पाड, नदीवर वारा जास्ती असतो."

आता पुलावरचे ट्रकवालेही हसायला लागले. त्यांना ऐकूही आलं नसेल, पण हसणं पुलापर्यंत पोहोचायला अर्थ लागत नाही. वादळात शीड सांभाळणाऱ्या माणसाला शिडात वारा धरायचा असतो एवढं माहीत नव्हतं. काका बल्ली धरून उभे होते आणि आमच्याकडे पाहत नव्हते. मी इतकी वर्षं ज्या क्षणाची वाट पाहत होतो तो समोर आला होता आणि मला खरोखर मजा वाटली. मग मी मावशीकडे पाहिलं.

गल्लीतल्या बाया तोंडाला पदर लावून हसत होत्या. एकीनं तर मावशीच्या खांद्यावर हात ठेवून म्हटलंही, "पाह्यलं बाई डोळ्यानं." मावशीचा चेहरा राख झाला होता. मालक जेवणाच्या मंडपाकडे निघाले, त्यांच्यामागं शुभेच्छुक निघाले. ज्यांची नावं भोकात गेली होती ते पेंटरशी भांडत निघाले. मला वाटलं मावशी आता जीपमध्ये जाऊन बसेल आणि परतीच्या सगळ्या रस्त्यात त्या बाया तिला सोडणार नाहीत.

ती जीपकडे गेली नाही. लुगड्याचा ओचा वर खोचून ती सरळ पाण्यात उतरली. होडी दगडांना लागली होती. मी मागं धावलो, गुडघाभर पाण्यात गेलो. "मावशे, अगं काय करतीस?" तिनं माझ्याकडे लक्षच दिलं नाही. होडीच्या काठाला धरून ती आत चढली. होडी कलंडली, काकांची टोपी पाण्यात पडली आणि काका एकदम खाली बसले, दोन्ही हातांनी फळी घट्ट धरून. त्यांचा चेहरा मी तेव्हा जवळून पाहिला. त्या माणसाला पाण्याची भीती वाटत होती, साधी, लहान मुलासारखी.

काठावरचं हसणं जरा थांबलं. मावशी त्यांच्यासमोर बसली, पदर डोक्यावर घेतला. भोयाला म्हणाली, "ते कापड काढ आधी वरचं. अन् वल्हव. त्या काठाला जाऊन यायचंय आम्हाला."

भोयानं दोरी सोडली. मालकांचा चेहरा होडीत गोळा होऊन पडला आणि मावशीनं तो पायानं बाजूला सारला.

काका काहीतरी बोलायला गेले. "अगं, ते वाऱ्याचं असं असतं की..."

"वारा राहू द्या," ती म्हणाली. हळू बोलली, माझ्याशिवाय कुणाला ऐकू गेलं नाही. "पोहता येतं का तुम्हाला?"

काकांनी काठावरच्या बायांकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"न्हाई," ते म्हणाले. त्यांच्या तोंडून समुद्राबद्दल खरं वाक्य मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

"मंग मधी सरकून बसा," मावशी म्हणाली. "मला येतं."