आतलं नाव, बाहेरचं नाव

माझी बायको श्रद्धा नेमकं काय काम करते, हे लग्नानंतर कितीतरी दिवस मला नीट सांगता येत नव्हतं. कुणी विचारलं की मी म्हणायचो, कॉम्प्युटरमध्ये आहे. एकदा माझी मावशी म्हणाली, म्हणजे डेटा एंट्री का? श्रद्धा गालातल्या गालात हसली, मला मात्र राग आला. राग मला पटकन येतो. आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढचं वाचताना दचकायला नको.

तर काम असं. चाकणला आमच्या कंपनीत पत्रा दाबून गाड्यांचे पार्ट काढतात. मी, धम्मरत्न, तिथे मेंटेनन्सला आहे, कॉन्ट्रॅक्टवर. प्रेसमधले साचे, म्हणजे डाय, बदलायचं कामही माझंच. एकेक प्रेस म्हणजे नुसतं धूड, खाली आली की जाडजूड पत्रा पोळीसारखा दुमडतो. हल्ली या प्रेसना हुकूम जातात ते ऑफिसमधल्या सर्व्हरवरून. हुकूम खरंच आपल्या सर्व्हरचा की कुणा भामट्याचा, हे प्रेसला कसं कळायचं? त्यासाठी दोघांकडे डिजिटल सर्टिफिकेट असतं. त्याला शिक्का असतो, आणि तो शिक्का कोणत्या पद्धतीने मारला, त्या पद्धतीचं नाव सर्टिफिकेटमध्ये दोनदा लिहिलेलं असतं. एकदा आत, शिक्क्याच्या पोटात, तिथे कुणी हात लावला की शिक्का मोडतो. दुसऱ्यांदा बाहेर, उघड्यावर. तिथलं नाव वाटेत कुणीही बदलू शकतो. म्हणून दोन्ही नावं तंतोतंत एकच पाहिजेत.

श्रद्धा चिंचवडच्या एका छोट्या कंपनीत आहे. ती एक लायब्ररी सांभाळते. पुस्तकांची नव्हे हो, दुसऱ्यांनी आपापल्या सॉफ्टवेअरमध्ये बसवायचा तयार कोड. आमच्या प्रेसमध्येही तोच बसवलाय. तो कोड ही दोन नावं वाचतो, ताडून बघतो, आणि जुळली नाहीत तर सर्टिफिकेट नाकारतो. झालं, एवढंच. एवढ्यासाठी ही बाई दिवस दिवस स्क्रीनला नाक लावून बसते, आणि घरी भाजी मी करतो.

आता आमच्याकडची तऱ्हा ऐका. शॉपवर एकच रीत आहे, चालतंय ना, मग हात लावू नको. आमची सर्टिफिकेटं कंपनीतल्याच एका जुन्या सॉफ्टवेअरवर काढलेली होती. ते बाहेर नव्या पद्धतीचं नाव टाकायचं आणि आत जुन्याचंच ठेवायचं. तेव्हा लायब्ररी नुसती कुरकुरायची, पॅनेलवर पिवळा दिवा लावायची. आमचे सुपरवायझर मालोजीभाऊ, माणूस लाखातला, पण त्या दिव्याने त्यांचं डोकं उठायचं. त्यांनी एकेका दिव्यावर काळी टेप चिकटवून टाकली. दिवा दिसेना, विषय संपला. पुढच्या आवृत्तीत नावं जुळली नाहीत तर थेट नकार मिळेल, असा मेल श्रद्धाच्या कंपनीने पाठवला होता म्हणे. तो कुठल्या साहेबाकडे न उघडता पडून राहिला, कुणास ठाऊक.

रविवारच्या सुट्टीत ती नवी आवृत्ती बसली. सोमवारी सकाळी एक प्रेस हलेल तर शपथ. आणि नेमकं त्याच दिवशी आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक लाइन बघायला येणार होतं. ही भेट नीट पार पडली की काही जणांना पर्मनंट करायचं ठरलं होतं, आणि त्यात माझं नाव होतं. पर्मनंट म्हणजे काय, ते कॉन्ट्रॅक्टवाल्याला विचारा राव. पुढच्या महिन्यात गेटवरचं कार्ड चालेल की नाही, याची धाकधूक पोटात घेऊन आम्ही मुलांच्या शाळा शोधतो.

मी गेटबाहेर जाऊन श्रद्धाला फोन लावला. आधी गोड बोललो. आमच्यापुरतं ते ताडून बघणं बंद करून दे, एका दिवसापुरतं, उद्या परत चालू कर, असं म्हणालो. तिचे साहेबसुद्धा तयार होते, कारण आमची कंपनी त्यांचं गिऱ्हाईक. तिने फक्त एक ओळ बदलून पाठवायची होती. पलीकडे इतकी शांतता, मला वाटलं फोन कट झाला.

"एका दिवसापुरतं नको, धम्मा," ती म्हणाली. "मी येते तिकडे."

त्यावर मी काय काय बोललो ते इथे लिहीत नाही.

चिंचवडहून भोसरी, तिथून दुसरी बस पकडून बाई आल्या. गेटवर दिलेलं हेल्मेट सारखं डोळ्यांवर घसरत होतं, सेफ्टी शूज पायात खुळखुळत होते. प्रेसच्या बाजूला एक क्रेट उलटा टाकून ती त्यावर बसली आणि मांडीवर लॅपटॉप घेतला. आधी ते जुनं सॉफ्टवेअर दुरुस्त केलं, मग सर्व्हरचं सर्टिफिकेट नवीन काढलं, मग एकेका प्रेसचं. दर वेळी आतलं नाव वाचायची, मग बाहेरचं, बोट खाली धरून, शाळेतल्या पोरीसारखं. जुळलं की स्वतःशीच "हं" म्हणायची आणि क्रेट उचलून पुढच्या प्रेसकडे. मालोजीभाऊ आधी गाल फुगवून लांब उभे होते. नंतर स्वतः तिच्यासाठी चहा घेऊन आले आणि पुढे पुढे जाऊन दिव्यांवरच्या टेपा खरवडायला लागले. मला तिचा इतका राग आला होता, आणि तरी तिच्या कपाळाला चिकटलेले केस बघून मी शॉपवरचा पंखा तिच्याकडे वळवला. दोन्ही एकदम होतं माणसाला.

पाहुणे जेवणानंतर आले. तेव्हा अर्धी लाइन चालू होती आणि अर्धी ठप्प. त्यांनी बघितलं, आपसात काहीतरी बोलले आणि चहा न घेता गेले. संध्याकाळी शेवटची प्रेस चालू झाली, तेव्हा मालोजीभाऊंनी मला बाजूला घेऊन सांगितलं की यादीतून मेंटेनन्सची नावं काढलीत. पुढच्या वेळी बघू म्हणाले. त्यांचेही डोळे खाली होते.

घरी येताना मोशीच्या गर्दीतून, भोसरीच्या पुलावरून मी गाडी नुसती दामटत होतो. ती मागे बसून माझं जॅकेट धरून होती. संत तुकाराम नगरला घरात पाऊल टाकलं आणि माझा बांध फुटला. तुझा नियम माझ्यापेक्षा मोठा झाला का, असं मी तिला विचारलं. दोन नावं जुळण्यापायी नवऱ्याच्या पोटावर पाय दिलास, असंही म्हणालो. ती ओट्यापाशी उभी होती, गालावर ग्रीसचा डाग होता.

"आबांची बोटं कशी गेली, माहितीय तुला?" तिने विचारलं.

आबा म्हणजे माझे सासरे, भिवा. जन्मभर प्रेसवर काम केलं. उजव्या हाताची तीन बोटं नाहीत, डाव्या हाताने जेवतात. अपघात झाला, एवढंच घरात सगळे म्हणतात. मीही कधी खोदून विचारलं नव्हतं. जावयाने कसं विचारायचं?

"प्रेसला सेन्सर होता," ती म्हणाली. "हात आत असला की प्रेस खाली यायची नाही. ऑर्डर अडली होती. साहेब म्हणाले, एका दिवसापुरता बायपास करा. आबांनीच वायर काढली, धम्मा."

मग ती जवळ आली आणि माझा उजवा हात तिने दोन्ही हातांत घेतला.

"तुमच्या प्रेसमध्ये डाय बदलायला हात कोण घालतं?"

मी घालतो. रोज घालतो. आणि हात आत असताना प्रेसला भलत्याच कुणी हुकूम दिला, तर? मला हे सकाळपासून एकदाही सुचलं नव्हतं. तिला मात्र फोनवरच्या त्या शांततेत हेच दिसलं असणार. माझा राग कुठे गेला कळलं नाही. मी लहान पोरासारखा रडलो, आणि तीही.

पर्मनंट मी अजून झालो नाही. वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू. पण त्या दिवशी जेवायला बसलो, तेव्हा ती माझा उजवा हात सोडायला तयार नव्हती, म्हणून मी डाव्या हाताने जेवलो. भाकरी तुटेना, कालवण ताटाबाहेर सांडलं. आबा रोज कसे जेवतात, ते मला तेव्हा कळलं.