एकमताने मंजूर झालेला रविवार

माझ्या मुलीला महिन्यातून एकदाच घरी येता येईल, हा नियम मी स्वतः मंजूर करून घेतला. तिला दर रविवारी पिंपळगावला घेऊन येतो, असा शब्द बायकोला दिला होता तोही मीच!

ऋतुजाला नाशिकच्या कॉलेजात प्रवेश मिळाला. तिथली पद्धत अशी, की पहिलं वर्ष सगळ्या मुलींनी कॅम्पसवरच राहायचं, एकत्र शिकायचं आणि एकमेकींकडून काय अपेक्षा आहेत ते पहिल्याच दिवशी एकत्र बसून ठरवायचं. एकीचाही विरोध असला की नियम बाद. आम्हा पालकांना मागच्या खुर्च्या.

हॉलच्या दारातच ऋतुजा म्हणाली, "पप्पा, महिन्यातून एकदाच घरी, असा नियम येणार आहे. मी विरोध करणारे. तुम्ही फक्त गप्प बसा."

"मी कशाला बोलतोय!"

(गावच्या सोसायटीत मी बावीस वर्षं संचालक आहे. आमच्या वार्षिक सभेची रीत अशी: सचिवानं 'विषय क्रमांक' एवढं म्हटलं, की पुढचं ऐकण्याआधीच सगळ्यांनी 'मंजूर, मंजूर' ओरडायचं आणि जेवायला उठायचं.)

दुपारची वेळ, डोक्यावर झकास पंखा. बादल्या, दिवे, मोबाइल यांवर मुलींचे सहा नियम होईस्तोवर माझा डोळा लागला. तेवढ्यात सभा चालवणाऱ्या मॅडम म्हणाल्या, "आता विषय क्रमांक सात..."

"मंजूर!" मी झोपेतच गरजलो.

मागच्या खुर्च्यांवर बसलेले कोण? निफाड-दिंडोरीचे बाप! सगळे असल्याच सभांतून तयार झालेले. "मंजूर! मंजूर!" हॉल दणाणला. दोघे तर जेवायलाही उठले. पुढे ऋतुजा हात वर करून उभी होती.

"तुझा विरोध आहे?" मॅडमनी विचारलं. "पण पहिला आवाज तर तुझ्याच वडिलांचा होता!"

मुली खो खो हसल्या. ऋतुजा लालबुंद होऊन, हात खाली घेऊन बसली.

"मॅडम, ते सवयीनं झालं हो!" मी उभा राहून म्हणालो.

"काका, पालकांचं इतकं एकमत मी कधी पाहिलं नव्हतं," असं म्हणत मॅडमनी फळ्यावर 'महिन्यातून एकदाच घरी' हा नियम लिहिलासुद्धा.

"निदान ऐकायचं तरी, पप्पा!" गेटवर ऋतुजाचे डोळे भरून आले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

घरी बायकोनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "सोसायटीचं वाटोळं केलं ते पुरलं नाय का? आता लेकीचंबी लावलं?" पुढचे तीन रविवार आमटीत मीठ नव्हतं. ते मागायची माझी हिंमत झाली नाही.

अखेर ऋतुजाचा घरी यायचा चौथा रविवार जवळ आला. आदल्या दिवशी बायकोनं पुरण शिजवलं, मी गाडी धुतली, आणि ऋतुजाचा फोन आला.

"पप्पा, उद्या नाय येत. आम्ही सगळ्या पांडवलेणीला चाललोय."

"अगं, मग विरोध कर ना! एकीचा विरोध असला की बाद होतं ना?"

"मी कसा करणार? ठराव मीच मांडलाय. लय मजा येते इथं, पप्पा. बरं झालं तुम्ही तेव्हा ओरडलात!"

फोन ठेवला. 'पोरगी कुणावर गेलीय कोण जाणे,' असं म्हणायला तोंड उघडलं, पण पुरणाची कढई घेऊन बायको समोरच उभी होती. मी निमूटपणे धुतलेली गाडी पुन्हा धुवायला गेलो.