लिंबापर्यंत आलेलं बोलावणं

माझी शाळा सगळी उर्दूत झाली. त्यामुळे मराठी लिहायला बसलो की अजूनही हात अडखळतो. घरात आधी कुणी शिकलेलं नाही, म्हणून चुकलेलं दाखवायलाही कुणी नाही. हैदराबादला कॉलेजात गेलो त्या पहिल्याच दिवाळीत आमचे मराठीचे गुरुजी म्हणाले, "गावी जाताय ना? तुमच्याकडे काय काय गातात ते उतरवून आणा. नाहीतर जाईल ते." मी मान डोलावली. पण आमच्या गावातून त्या वर्षी जे जायला निघालं होतं, ते कागदावर उतरवण्यासारखं नव्हतं. तो एक खड्डा होता.

आमचं गाव मुरुमच्या बाजूला. मुसलमानांची घरं थोडी, पण मोहरम साऱ्या गावाचा. चावडीपुढं अलावा खणायचा, म्हणजे एक गोल खड्डा. त्यात रोज सांजेला लाकडं पेटवायची आणि भोवती फेर धरून रिवायती म्हणायच्या. रिवायत म्हणजे करबल्याच्या रणात पाणी तोडलेल्या इमामांची, आणि शेवटी धन्यावाचून परतलेल्या त्यांच्या घोड्याची गोष्ट सांगणारं गाणं. आमच्याकडच्या रिवायती निम्म्या मराठी, निम्म्या दखनी, आणि मधेच एखादी ओळ कानडी. म्हणणारे बहुतेक आमच्यासारखे शेतकरीच. सवारी, म्हणजे कापडानं सजवायचा पितळी पंजा, तेवढी मुलाणीचाचांच्या घरी पेटीत असायची.

रीत अशी होती. मोहरमचा चांद दिसला की चाचा वाटीत गूळ घेऊन आमच्या दारी यायचे आणि म्हणायचे, "चला, कुदळ मारा." अलाव्याची पहिली कुदळ आमच्या घरची. का, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. वडिलांना विचारलं तर म्हणायचे, "आज्जा मारायचा, म्हणून मी मारतो."

आदल्या वर्षी चाचा आले नाहीत आणि अलावा पेटला नाही. आधी रझाकारांची दहशत, मग पोलीस अॅक्शन, आणि त्यानंतरचे दिवस. दोन्ही वेळा माणसं गेली, घरं ओस पडली. त्याबद्दल लिहिण्याइतकं मला कळत नाही. एवढंच सांगतो की चाचांचा धाकटा भाऊ बायकापोरांना घेऊन गेला तो परतला नाही, आणि चाचा आमच्या ओसरीवर बसायला येईनासे झाले. वडील त्यांना टाळत नव्हते. पण बोलवतही नव्हते.

आईला मात्र घोर लागला होता, आणि तो माझ्यापायी. मला अलिफ-बे शिकवलं ते चाचांनी. म्हणून माझ्या मॅट्रिकच्या वेळी आईनं सवारीलाच नवस बोलला होता, "पोरगं पुढं शिकायला गेलं तर त्याला फकीर करीन, चोंगे वाटीन." चोंगे म्हणजे गुळाच्या गोड पोळ्या. फकीर व्हायचं म्हणजे गळ्यात लाल-हिरवा दोरा घालून पाच घरं पीठ मागायचं. लहानपणी याचं काही वाटलं नसतं. आता मी विजार आणि कोट घालायला लागलो होतो. खरं सांगायचं तर, अलावा नाही तर नवसही नाही, असा सुटकेचा विचार माझ्या मनात येऊन गेला.

त्या वर्षी योग असा आला की भाऊबीजेचा चंद्र तोच मोहरमचा चांद. आई ओवाळायचं ताट घेऊन अंगणात उभी होती. पश्चिमेला बारीक कोर दिसली. तिनं चंद्राला ओवाळलं आणि तिथूनच म्हणाली,

"अवं, चांद दिसला."

वडील ओसरीवर दोर वळत होते. "दिसू दे की."

"कुदळ?"

"मुलाणी आला न्हाय बोलवायला. बोलावल्याबिगर जायची आपल्या घरची रीत न्हाय."

"मग कुदळीला धार लावून आणली ती कशाला?"

वडिलांनी दोराला आणखी एक पीळ दिला. आईनं माझ्याकडे पाहिलं. "तू जा. बघून ये, घरात हाईत का." मी निघालो.

वाटेत पारावर आप्पा बसले होते. आमचे शेजारी, आणि रिवायत म्हणण्यात गावात पहिले. मला पाहून म्हणाले, "काय सायेब, हैदराबादेवरनं अलावा खंदायला आलाव व्हय? गेला तो जमाना. आता कालेजात शिका, अन् आमाला बी शिकवा."

चाचा दारातच बसले होते. मी सलाम केला. त्यांनी "आव बेटा, बैठो," म्हणून जागा दिली, कॉलेजचं विचारलं. चांद दिसल्याचं दोघंही बोलेनात. शेवटी मीच चाचरत म्हणालो, "चाचा, वडील वाट बघत्यात."

चाचांनी तोंड उघडण्याआधी आतून चाचीच बोलल्या.

"वाट बघत्यात तर ह्यांनी काय केलंय? कालपास्नं दोनदा गेले तुमच्याकडं, उपरण्याखाली गुळाची वाटी घेऊन. तुमच्या दारच्या लिंबापर्यंत गेले, अन् कुणी बघंल म्हणून दातणाला काड्या तोडून माघारी आले. गल्लीला पुरतील एवढी दातणं झालीत घरात!"

मला हसू आलं, पण चाचा हसले नाहीत. म्हणाले, "पाय पुढं जाईना बेटा. तुझे वडील काही म्हणायचे न्हाईत, मला ठाऊक हाय. पर किसी ने दरवाजा बंद किया तो? मग उमरभर त्या दारावरनं कसं जायचं?"

मी उठून घरी आलो आणि जसं ऐकलं तसं सांगितलं. आई ऐकून आत गेली. वडिलांचा दोर थांबला.

"दोनदा आलता?"

"व्हय."

"लिंबापतूर?"

"व्हय."

"वाटी संगं हुती?"

"उपरण्याखाली हुती म्हणं."

"लिंब कुणाचा हाय?"

"आपलाच की."

वडील उठले. "मग आपल्या लिंबाखाली माणूस गूळ घेऊन आला म्हंजी बोलावणं आलंच की. तुझी आई उगंच घोर करती." त्यांनी कोपऱ्यातली कुदळ उचलली. आतून आईचा आवाज आला, "मीच उगंच!"

चाचांच्या दारी वडील थांबले आणि म्हणाले, "मुलाणी, बोलावलंस म्हणून आलोय. गूळ आण." चाचांनी वाटी पुढं केली. वडिलांनी खडा तोंडात टाकला, एक मला दिला, एक चाचांना. आम्ही तिघं चावडीपुढं आलो. खड्डा बुजून वर गवत माजलं होतं. पहिल्या कुदळीला नुसती माती उडाली. दुसरी खोल गेली.

दुसऱ्या दिवशी सांजेला अलावा पेटला. माणसं आली होती, पण लांब भिंतींच्या कडेनं उभी. चाचांनी एकट्यानं रिवायत धरली. पहिलं कडवं झालं. दुसऱ्याला त्यांचा आवाज फाटला, आणि ते भलतीकडेच गेले. तेवढ्यात पारावरून ओरडणं ऐकू आलं,

"आरं चुकलं! घोडं रिकामं परत आणलंस, पर अजून पाणी कुठं मागितलंय? पाण्याचं कडवं आधी!"

आप्पा धोतराचा सोगा सावरत तरातरा आले. "सरका! वर्षभर म्हटलं न्हाय तर ही गत," असं म्हणत फेरात शिरले आणि पाण्याचं कडवं उचललं. भिंतीकडचे दोघे पुढं आले, मग आणखी काही. सगळे आले नाहीत. काही जण तिथूनच घरी गेले, तेही मी पाहिलं. पण फेर पुरा झाला.

नवस फेडायच्या दिवशी चाचींनी माझ्या गळ्यात दोरा घातला. मी कोट काढून ठेवला. पहिलं घर आप्पांचं घेतलं. मला वाटलं आता टोमणा येणार. त्यांनी ओंजळभर पीठ झोळीत टाकलं, माझ्यापुढं हात जोडले आणि मग हळूच म्हणाले, "कालेजात हेच शिकवत्यात का?" आईनं त्या पिठाचे चोंगे केले आणि अलाव्याजवळ उभं राहून एकेकाच्या हातावर ठेवले. तिचा चेहरा इतका मोकळा मी त्या सालात पाहिला नव्हता.

गुरुजींना मी काही रिवायती उतरवून नेऊन दिल्या. त्यांना आवडल्या. आप्पांनी सांगितलेला क्रम मी नीट लिहिला होता. पण एकाचं चुकलं तर दुसरा पारावरून धावत येतो, हे कागदावर कुठं लिहावं ते मला कळलं नाही. वडिलांनी रीत थोडी वाकवली म्हणून ती मोडली नाही, एवढं मात्र मी पाहिलं आहे.

पुढच्या वर्षी चांद नवरात्रात आला. मी हैदराबादला होतो. नंतर घरी गेलो तेव्हा आईनं सांगितलं, घरात देवीचा घट बसलेला, ती दिव्यात तेल घालत होती, तेवढ्यात कडी वाजली. दारात चाचा, हातात उघडी वाटी. वडील आतूनच खेकसले,

"दार सताड उघडं हाय की मुलाण्या. कडी कशाला वाजवतूस?"

"वाजवून बघितली," चाचा म्हणाले, आणि आत आले.