डाव्या खांद्यावरून

तायक्वांदोमध्ये पूमसे म्हणून एक प्रकार असतो. समोर कुणीच नसतं. तरी कुणीतरी आहे असं धरून ठरलेल्या क्रमाने अडवायचं, मारायचं, वळायचं, आणि जिथून सुरुवात केली त्याच जागी येऊन थांबायचं. मी मुलांना सांगायचो, "समोरच्याला चेहरा द्या. त्याशिवाय ठोशात जोर येत नाही." दुसरा नियम नजरेचा. आधी नजर, मग पाय. जिकडे जायचं नाही तिकडे बघायचं नाही.

हा नियम मीच मोडत होतो आणि मला त्याचा पत्ता नव्हता.

मी शिकलो गौलीगुड्यात, आमच्या घराच्या गच्चीवर. जिन्याचं दार माझ्या डाव्या खांद्यामागे असायचं. वडिलांना हा प्रकार अजिबात पसंत नव्हता. पायांचा आवाज न करता ते वर यायचे आणि दारात उभे राहायचे. "काय रे, माशा हाकलतोस? हाकल, हाकल. कोरियावाले येतील तुला भाकरी घालायला." कधी काही न बोलता, नुसते बघून खाली जायचे. त्यामुळे पूमसेच्या मधल्या वळणाआधी माझी मान आपोआप मागे जायची. आलेत का?

वडील गेले, घर विकलं. मान जातच राहिली.

पुढे नारायणगुड्यात एका शाळेच्या हॉलमध्ये मी सकाळचा वर्ग घेऊ लागलो. तिथला एक विद्यार्थी फार कमी बोलायचा. मी जसं करीन तसंच तो करायचा, अगदी माझ्या श्वासासकट. एकदा सराव संपल्यावर त्याने विचारलं, "सर, मागे कोण उभं असतं?"

"कुठे मागे?"

"तिथे. आपण बघतो ना."

"काहीतरीच काय. चल, पुन्हा कर."

मागे नुसती भिंत होती. पण त्या दिवशी हॉलला कुलूप लावल्यावर मी ते पुन्हा उघडून आत डोकावलो.

ब्लॅक बेल्टच्या परीक्षेला बाहेरगावचे परीक्षक आले. रिवाजाप्रमाणे आधी सगळ्यांनी तत्त्वं मोठ्याने म्हटली: सौजन्य, सचोटी, चिकाटी, आत्मसंयम, अदम्य वृत्ती. मीही म्हटली. मग त्या विद्यार्थ्याचं पूमसे सुरू झालं. मधल्या वळणाआधी मान मागे गेली. परीक्षकांनी पुन्हा करायला लावलं. पुन्हा गेली.

"हे कुणी शिकवलं?" त्यांनी मला विचारलं.

तेव्हा मला पहिल्यांदा दिसलं. ती माझी मान होती.

"त्याची स्वतःची खोड आहे ती," मी म्हणालो. "सांगून थकलो. ऐकत नाही."

"खरं का?" परीक्षकांनी त्याला विचारलं.

तो माझ्याकडे बघत होता. "जी सर," म्हणाला, आणि कमरेत वाकला.

तो नापास झाला. नंतर वर्गाला आला नाही. आणि मी वर्षानुवर्षं नव्या मुलांना त्याचं उदाहरण देत राहिलो, सांगून न ऐकणारा मुलगा म्हणून.

आता मी मलकपेठेत मुलीकडे राहतो. गेल्या हिवाळ्यात आमच्या सोसायटीच्या बागेत तायक्वांदोचा वर्ग सुरू झाला. एका धुक्याच्या सकाळी मी मुलांच्या मागे, बाकावर बसलो होतो. पूमसेतलं मधलं वळण आलं, आणि त्याआधी सगळ्या माना एकदम डाव्या खांद्यावरून मागे वळल्या. सगळे डोळे माझ्यावर. मग पुन्हा पुढे, जणू तिथे कुणी नव्हतंच.

 वर्ग सुटल्यावर शिकवणाऱ्या मुलीला हाक मारून विचारलं.

"नै अंकल, पूमसे में नै है वो," ती म्हणाली. "एग्जाम में करे तो मार्क कटते. हमारे सर बोले, रोज की प्रॅक्टिस में करना."

"कायकू?"

"बोले, पीछे एक जन खडे रहते. उनको मारना नै, बस देखना." ती हसली. "डर गए क्या अंकल? सर निजामाबाद में रहते. फोन लगाऊं?"

पलीकडून आलेला आवाज त्याच मुलाचा होता, आता जाड झालेला. मी कोण ते सांगितलं. मग म्हणालो, "ती खोड माझी होती. तू माझ्याकडून उचललीस. मी परीक्षकांशी खोटं बोललो."



"जी सर," तो म्हणाला. अगदी त्या दिवसासारखं. "मग मुलांना सांगा, मागे कोण असतं ते. मला कधी सांगता आलं नाही."

दुसऱ्या दिवशी मी मुलांसमोर उभा राहिलो. गच्ची, जिना, वडील, परीक्षा, सगळं सांगितलं. तो मुलगा चुकला नव्हता, हेही सांगितलं. आणि म्हणालो, आता मागे बघायचं नाही. मग त्यांच्याच रांगेत उभं राहून, दुखऱ्या गुडघ्यांनी, पूमसे सुरू केलं.

मधलं वळण आलं. मुलांच्या माना सरळ राहिल्या. माझी गेली.

मागचा बाक दवाने पूर्ण ओला होता. फक्त मधली, एका माणसापुरती जागा कोरडी होती. त्या सकाळी मी तिथे बसलो नव्हतो.