डिकी उघडी आहे

तीस वर्षं मी शेतकऱ्यांच्या मोटारी दुरुस्त करतोय. जळगावात माझं रिवायंडिंगचं दुकान आहे. विहिरीतून, बोअरमधून काढलेल्या, चिखलाने माखलेल्या मोटारी माझ्याकडे येतात. मी त्या खोलतो, जळकी कॉइल काढतो, नवी भरतो आणि प्रत्येकीला तारेने एक पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधतो. 'बेअरिंग गेलं.' 'पाणी शिरलं.' 'मोटार ठीक, लोड जास्त.' विजेवर चालणाऱ्या कुठल्याही वस्तूला आपण घाबरत नाही, अशी माझी समजूत होती. ती एका परदेशी गाडीने मोडली.

गाडी मूळची एका शेठजींची. दाणाबाजारातले व्यापारी, माझं जुनं गिऱ्हाईक. मुलाकडे पुण्याला राहायला निघाले आणि तिथल्या पार्किंगमध्ये ही लांबलचक गाडी मावेना, म्हणून माझ्या गळ्यात आली. गळ्यात म्हणजे, मीच आनंदाने मान पुढे केली. किल्ली देताना शेठजी म्हणाले, "भाऊ, गाडी राजा आहे. फक्त हिच्यात सामान ठेवू नका."

मला वाटलं, सीटच्या कातड्याला ओरखडे पडतात म्हणून सांगत असतील.

मेहरूणला घरी गाडी आणली. बायकोने चारी दारं उघडून पाहिली, मागे जाऊन डिकी पाहिली आणि विचारलं, "पिशवी कुठे ठेवायची?" प्रश्न बरोबर होता. दाराच्या कप्प्यात पाण्याची बाटली बसत नव्हती. समोरचा खण गाडीच्या माहितीपुस्तकाने भरला होता, आणि ते पुस्तक काढलं तर खण बंद होत नव्हता. मागच्या सीटच्या मधोमध एक चिमुकला फ्रिज होता. त्यात दोन वाट्या दही मावायचं, पण त्याचं धूड मागे डिकीत घुसलेलं. उरलेल्या डिकीत स्टेपनी आडवी, कारण स्टेपनीच्या खड्ड्यात बॅटरी आणि हवेचा पंप बसवलेला. स्प्रिंगांऐवजी ही गाडी हवेच्या फुग्यांवर उभी राहायची आणि तो पंप ते फुगे फुगवायचा. एवढ्या मोठ्या गाडीत भाजीची जुडी ठेवायची तर कोणाला तरी ती मांडीवर घेऊन बसावं लागे.

पहिल्याच महिन्यात एका सकाळी पाहतो, तर गाडी बसलेली. टायर पंक्चर नव्हते. अख्खी गाडी पोट टेकून, गोठ्यातल्या म्हशीसारखी अंगणात बसली होती. शेजारचे नाना भुसावळला रेल्वेत होते, आता निवृत्त आहेत. ते कंपाउंडवरून वाकून म्हणाले, "काय झायं भाऊ? बसनी का?"

"बसली, नाना."

"मंग उठाडा तिले."

मी इंजिन चालू केलं. खालून पंपाची घरघर झाली आणि गाडी आधी मागून, मग पुढून, हळूहळू उभी राहिली. नानांनी टाळी वाजवली. त्यानंतर रोज सकाळी ते दात घासत तो कार्यक्रम बघायला येऊ लागले. शेवटी भुसावळ रस्त्यावरच्या एका मिस्त्रीने दोन दिवस गाडीखाली झोपून काहीतरी बदललं आणि सांगितलं, "आता नाही बसणार." दीड वर्ष ती खरंच बसली नाही.

याच दीड वर्षात आमच्या मुलीसाठी स्थळं पाहणं चालू होतं. मी त्याची एक फाइल केली होती. आलेल्या प्रत्येक मुलाच्या माहितीपत्रकाला टाचणी लावून वर एक पुठ्ठ्याची चिठ्ठी, त्यावर माझा शेरा. हातच तसा वळलेला, त्याला मी काय करणार? अखेर धुळ्याचं एक स्थळ सगळ्यांच्या मनास आलं. मुलगा अभियंता, वडील अगदी अबोल, आई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. ते घर बघायला येणार असं फक्त अर्धा तास आधी कळलं आणि बायकोने घरातला सगळा पसारा दोन्ही हातांनी उचलून माझ्याकडे द्यायला सुरुवात केली. "हे लपवा." "कुठे?" "कुठेही!" घरात जागा नव्हती. मी सगळं डिकीत कोंबलं, वर गुडघा ठेवून दाबलं आणि झाकण लावलं. पाहुणे आले, आमच्या टापटिपीचं कौतुक करून गेले. पसारा डिकीतच राहिला. त्यात ती फाइलही होती, हे मला आठवलंच नाही.

साखरपुडा धुळ्याला ठरला. थंडीचे दिवस. नातेवाईक सकाळीच दोन गाड्या करून पुढे गेले. मागून आम्ही तिघं, मी, बायको आणि मुलगी, आमच्या राजेशाही वाहनात. अंगठी, मुलाचे कपडे, मुलीची साखरपुड्याची साडी, साखरेचा पुडा, ओटीचं सामान, सगळं बायकोने डिकीत त्या पसाऱ्यावरच रचलं. मी पुन्हा गुडघा लावला.

पारोळ्याच्या अलीकडे गाडीतल्या समोरच्या पडद्यावर लाल अक्षरं उमटली. इंग्रजीत होती, पण लाल असल्यामुळे समजली. मी गाडी कडेला घेतली, आणि आम्ही तिघं आत बसलेले असतानाच ती खाली जाऊ लागली. लिफ्ट जशी उतरते तशी. मुलगी म्हणाली, "पप्पा, बाहेरची झाडं उंच होताहेत." पंप घरघरत राहिला, घरघरत राहिला, आणि त्याने बॅटरी पिऊन संपवली. मग सगळंच बंद.

मी मिस्त्रीला फोन लावला.

"बॅटरी उतरली असेल," तो म्हणाला. "दुसऱ्या बॅटरीवरून करंट द्या."

"बॅटरी कुठे आहे?"

"डिकीत."

"डिकी उघडत नाही."

"ती करंटवर उघडते, भाऊ."

मग त्याला आठवलं की करंट द्यायला बॉनेटखालीही दोन टोकं असतात. तेवढ्यात कापसाची ट्रॉली घेऊन एक ट्रॅक्टरवाला शेतकरी थांबला. त्याने मला निरखून पाहिलं. "तुम्हीच मन्ही मोटर भरी दिन्ही व्हती ना?" मी हो म्हणालो. "मंग हाई का नही उघडत?" त्याच्या ट्रॅक्टरच्या बॅटरीवरून वायर जोडल्या. पडदा उजळला, मागून खट् असा आवाज आला आणि पडद्यावर नवा संदेश आला. मुलीने वाचला, "डिकी उघडी आहे."

आम्ही चौघं मागे गेलो. डिकी घट्ट बंद. शेतकऱ्याने तिच्यावर बुक्की मारली. बायकोने ओढून पाहिली. मी किल्लीने उघडायचं भोक शोधलं. त्यात किल्ली गेली आणि तिथेच अडकली. आत कशाचा तरी पट्टा कुलपात सापडला होता, पण गाडीच्या मते डिकी उघडी होती, आणि उघड्या डिकीनिशी उभं राहायला ती तयार नव्हती. मी पडद्याशी बोललो. "बंद आहे ग, बंद आहे." पडद्यावर तेच. डिकी उघडी आहे.

"आबा, तुम्ही जा," मी शेतकऱ्याला म्हणालो. "तुमचा कापूस थांबलाय."

"नही भाऊ, आते मालेबी पाहनं शे," तो म्हणाला आणि चांगला अर्धा तास थांबला.

शेवटी धुळ्याहून एक सपाट पाठीचा ट्रक आला. फळ्या टाकून, दोरखंडाने ओढून त्याने गाडी पाठीवर घेतली. केबिनमध्ये ड्रायव्हरशेजारी दोघांचीच जागा. तिथे मायलेकी बसल्या. मी कुठे बसणार? वर चढून गाडीतच बसलो. ड्रायव्हर म्हणाला, "खाली वाकून बसा, कोणी बघायला नको." मी वाकलो, पण ती सीट अशी होती की माणूस आपोआप मागे रेलतो.

मंगल कार्यालयाच्या दारात बँडवाले तयारच होते. त्यांना सांगून ठेवलेलं की मुलीकडचे मोठ्या गाडीतून येतील, गाडी दिसली की वाजवा. त्यांना गाडी दिसली. ट्रकवर चढवलेली, झेंडूची एकही माळ नसलेली, आणि आत रेललेला मी. त्यांनी वाजवायला सुरुवात केली. लोक धावत बाहेर आले, मोबाइल वर झाले. कोणीतरी म्हणालं, "जळगाववाल्यांची एंट्री पाहा!" मला उतरता येईना. ट्रकची पाठ उंच होती आणि शिडी कोणाकडे नव्हती. मी हात हलवला. दुसरं काय करणार?

मुहूर्ताला थोडाच वेळ होता आणि अंगठी डिकीत. मी विचार करून एक मार्ग काढला. मागच्या सीटमधला फ्रिज खोलला तर त्याच्या जागी डिकीत जाणारं भोक पडेल. माझे पाने-पेचकस डिकीत होते. माइकवाल्याने त्याचा पेचकस दिला. फ्रिज निघाला, कालचं दही माझ्या अंगातल्या नव्या सफारीवर सांडलं, आणि भोक दिसलं. पोळ्यांच्या डब्याएवढं, पण मागे पसारा घट्ट दाबलेला. माझा हात कोपराशी अडला. बायकोचा बांगड्यांशी.

"सरका भाऊ, मी बघते."

मुलाची आई. पदर खोचून, प्लॅस्टिकच्या खुर्चीवर खुर्ची ठेवून ती ट्रकवर चढून आली होती. सडपातळ बाई, हात काडीसारखे. सीटवर पालथी पडली आणि खांद्यापर्यंत हात आत घातला. "काय लागतंय ते सांगत जाते," ती म्हणाली. शाळेतला आवाज, खालच्या शंभर माणसांना स्पष्ट ऐकू जात होता.

पहिलं आलं वाफ घ्यायचं नळीचं भांडं. मग माझ्या केसांच्या कलपाची बाटली. खाली हशा पिकला. मग एक जुनी, कोपरा फाटलेली गादीची खोळ, पायजम्याची नाडी, गरम पाण्याची पिशवी. बायको माझ्याकडे बघत नव्हती. मीही बायकोकडे बघत नव्हतो. घर बघायला ही बाई आली होती तेव्हा तिच्यापासून लपवलेली प्रत्येक वस्तू आता ती स्वतःच्या हाताने बाहेर काढून रांगेत मांडत होती.

मग फाइल आली.

मी हात पुढे केला. तिने तो पाहिलाच नाही. मास्तरीण ती, फाइल दिसली की उघडायचीच. एकेक चिठ्ठी वाचत गेली. 'फेज एकच, भागणार नाही.' 'जुना माल, रंग नवा.' 'गरम होतो.' आणि मग तिच्या मुलाचं पत्रक. त्यावर माझं अक्षर: 'मुलगा ठीक. आवाज कमी. आईचा लोड जास्त.'

बँड नेमका त्याच वेळी थांबला.

"भाऊ," ती म्हणाली, "लोड म्हणजे काय?"

मी खोटं बोलू शकलो असतो. पण सफारीवर दही, समोर कलपाची बाटली. लपवण्यासारखं काय उरलं होतं? "म्हणजे," मी म्हणालो, "मोटार चांगली असते, पण तिला दमेपर्यंत ओढावं लागतं."

मग तिने फाइल मिटली, स्वतःच्या पर्समध्ये घातली आणि पुन्हा सीटवर पालथी झाली. ती गप्प बसलेली मी पहिल्यांदाच पाहत होतो. दोन मिनिटांनी तिचा हात बाहेर आला. हातात अंगठीची डबी. पाठोपाठ साखरेचा पुडा, फाटलेला. साडीची पेटी काही भोकातून आली नाही, आतच अडकली. मुलीला तिने स्वतःची साडी नेसवली, बॅगेतली जेवणानंतर बदलायची म्हणून आणलेली. मुहूर्त चुकला नाही.

पंगतीत ती वाढायला आली. माझ्यासमोर थांबून ताटात भरीत घातलं आणि हळू आवाजात म्हणाली, "आवाज कमी हे बरोबर लिहिलंत. मीच सारखी बोलते, तो बोलणार कधी? बापाचंही तेच झालं." मग जरा थांबून, "तुमच्या मुलीवर काय शेरा?"

"तिला तपासायची माझी हिंमत नाही, विहीणबाई."

ती एवढ्या मोठ्याने हसली की समोरच्या पंगतीतले लोक वळून बघू लागले. आणखी एक पळी भरीत तिने न विचारता घातलं.

गाडी त्याच ट्रकने व्याह्यांच्या अंगणात नेऊन ठेवली. धुळ्याच्या मिस्त्रीने दुसऱ्या दिवशी पत्र्याच्या पट्टीने पाच मिनिटांत डिकी उघडली. बायकोच्या पर्सचा बंद कुलपात अडकला होता. पण हवेचा पंप जळाला होता. माझ्या तीस वर्षांच्या धंद्यातला, मला भरता न येणारा पहिला पंप. त्याची कॉइल प्लॅस्टिकमध्ये ओतून बंद केलेली. नवा मागवावा लागेल असं कळलं. तो कुठून कुठून येणार होता देव जाणे. मी दर रविवारी गाडी बघायला धुळ्याला जाऊ लागलो. म्हणजे जेवायला जाऊ लागलो.

उन्हाळ्यात लग्न लागलं. लग्नानंतर पंधरा दिवसांनी पंप आला. मी तो घेऊन गेलो, तर अंगणात गाडी नेहमीसारखी पोटावर बसलेली, चारी काचा खाली, आणि मागच्या सीटवर व्याही पेपर वाचत बसलेले. मला पाहून त्यांनी शेजारची जागा हाताने झटकली. मी बसलो. त्यांनी आतल्या दोन पानांची घडी मला दिली. घरातून विहीणबाईंचा आणि आमच्या मुलीचा, दोघींचाही आवाज येत होता, कोण कुणाला काय सांगतंय ते कळत नव्हतं.

थोड्या वेळाने विहीणबाई चहा घेऊन बाहेर आल्या. पंपाचं खोकं पाहून म्हणाल्या, "भाऊ, इतक्यात नका हो बसवू. यांना जरा बसायला जागा झाली आहे."

व्याह्यांनी पेपरातून मान वर केली. त्या दिवशीचं त्यांचं पहिलंच वाक्य. "सीट छान आहे," ते म्हणाले.

खोकं मी डिकीत ठेवून दिलं.